मोरस साखर

आमच्या आजीच्या तोंडीं 'साखर' हा शब्द एकटा असा क्वचितच येई. ती 'मोरस साखर' म्हणे. देवाच्या नैवेद्याला गूळ, आजाऱ्याला खडीसाखर, आणि चहाला व पाहुण्यांना मोरस साखर, अशी तिच्या फडताळांतली व्यवस्था होती. परदेशी साखर हाडांच्या कोळशानें स्वच्छ करतात, म्हणून ती देवाला चालत नाहीं, असा समज तिनें माहेराहून आणला होता. वस्तुतः आमच्या लहानपणीं तिच्या डब्यांत जी साखर असे ती वारणेची किंवा प्रवरेची असावी. परंतु वस्तु बदलली तरी नांव बदललें नव्हतें. 'मोरस' म्हणजे पांढरी शुभ्र, इतकाच अर्थ आम्ही धरून चाललों होतों. पुढें महाविद्यालयांत शिकत असतां एका जुन्या कोशांत तो शब्द पाहण्यांत आला आणि मोरस हें विशेषण नसून मॉरिशस बेटाचें नांव आहे, हें कळलें. चीनवरून चिनी, मिसर देशावरून मिसरी, तशी मॉरिशसवरून मोरस. शब्दाची व्युत्पत्ति कळल्याचा आनंद झाला आणि विद्यार्थीदशेंतील बहुतेक आनंदांप्रमाणें तो लौकरच विसरलाही गेला. ती साखर पिकविणाऱ्या हातांपैकीं कांहीं हात आमच्याच जिल्ह्यांतले होते, हें त्या वेळीं आमच्या स्वप्नींही नव्हतें.

दोन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत, गणपतीच्या सुटींत, आम्ही पालीस घरीं होतों. मुंबई-गोवा हमरस्त्यावरून कोल्हापूरकडे जाणारा फांटा आमच्या गांवीं फुटतो. त्यामुळें वाट विचारणारे अनोळखी लोक हा येथला नित्याचा अनुभव आहे. त्या दिवशीं दुपारीं भाड्याच्या मोटारींतून एक सत्तरीचे गृहस्थ उतरले व त्यांनीं वाट न विचारतां गांव विचारलें. "हें गांव पाली आहे का? जुनें पाली आहे का?" उच्चार परका, पण शब्द पुस्तकासारखे स्वच्छ. ते मॉरिशसमधील निवृत्त शिक्षक होते. घरीं त्यांच्या क्रिओल भाषा चालते. मराठी ते शाळेंत शिकले व पुढें कांहीं वर्षें त्यांनीं ती शिकविलीही. हातांत एक कागद होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत गिरमिट्यांच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत, त्यांतल्या एका पानाची ती प्रत. त्यांत एक नांव, बापाचें नांव, वय २२, अंगावरची खूण, जिल्हा रत्नागिरी, आणि गांवाच्या रकान्यांत साहेबी कानानें ऐकून लिहिलेलीं चार-पांच अक्षरें. मुंबईहून जहाज सुटल्याचें साल १८५९.

"आधीं आंत या, गणपतीचं दर्शन घ्या, मग कागद पाहूं," असें म्हणून आमच्या पत्नीनें त्यांना घरांत घेतलें.

तीं अक्षरें 'पाली' अशीं वाचतां येतात; 'पालू' अशींही येतील. त्यांतून त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्याहून पुष्कळ मोठा. मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतचा मुलूख त्यांत येई, आणि सिंधुदुर्ग जिल्हा त्यांतून निराळा झाला तो १९८१ मध्यें. तेव्हां तुमचे पूर्वज आमच्याच गांवचे असें आम्हांला छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं, असें आम्हीं त्यांना म्हटलें. त्यांनीं मान हलविली. पण ती समजल्याची होती, पटल्याची नव्हे. रात्रीं वाडींतल्या पोरांनीं अंगणांत जाखडीचा फेर धरला. मृदंगावर थाप पडली, पायांतले चाळ वाजले, आणि आमचे पाहुणे खुर्चीवरून उठून उभेच राहिले. "हें तर आमचें झाकरी!" मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थी ही सरकारी सुटी आहे, आणि तेथले मराठी लोक त्या दिवशीं हाच नाच याच नांवानें, एका अक्षराच्या फरकानें, नाचतात. भाषा गेली, आडनांवें गेलीं (पणजोबाचें नुसतें नांव तेंच आज कुटुंबाचें आडनांव होऊन बसलें आहे), आणि नाच तेवढा राहिला. नोंदवहीच्या अक्षरांनीं जें सिद्ध होत नव्हतें, तें पायांनीं निदान संभवनीय केलें.

मॉरिशसविषयीं आमचें ज्ञान पुस्तकी होतें. त्या दोन दिवसांत त्यांत थोडी भर पडली. बेट लहान, १,८६५ चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. वस्ती बारा-साडेबारा लाखांची. विषुववृत्ताच्या दक्षिणेस विसाव्या अंशावर असल्यामुळें तेथला ऋतुक्रम आमच्या उलट. आमच्याकडे पावसाची झोड उठते तेव्हां तेथें कोरडा हिंवाळा असतो व उसाची तोड चालते. आमच्या आंब्याला मोहोर येतो तेव्हां तेथें उन्हाळा आणि तुफानाचे दिवस. १८९२ च्या एप्रिलांतल्या तुफानानें पोर्ट लुई शहराची धूळधाण केली होती, त्याची आठवण ते लोक अजून काढतात. जमीन मात्र परकी म्हणतां यावयाची नाहीं. आज रेयुनियों बेटाच्या खालीं जो अग्निस्रोत आहे, त्याच्याच उद्रेकांतून सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं सह्याद्रीचा काळा कातळ पसरला, आणि फार पुढें, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वीं, मॉरिशस समुद्रांतून वर आलें, असें भूशास्त्रज्ञ मानतात. पाहुण्यांनीं आपल्या गांवचीं छायाचित्रें दाखविलीं. हिरव्यागार उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग रचलेले, जणूं कोणी देवळाचें जोतें घालून काम अर्धवट सोडलें आहे. ऊस लावण्यापूर्वीं शेतांतला दगड न् दगड हातांनीं वेंचून मजुरांनीं ते ढीग घातले. सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस सहासात कोस चालून रत्नागिरीच्या बंदरांत गेला, गलबतानें मुंबईस गेला, जहाजानें महासागर ओलांडला, आणि तेथें जाऊन त्यानें उचलला तो दगड त्याच जातीचा!

त्या बेटाला मूळचे असे रहिवासी नाहींत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १५९८ मध्यें डच आले, त्यांनीं आपल्या राजपुत्राचें नांव बेटाला दिलें, जावाहून ऊस आणला, आणि ते निघून जाण्यापूर्वींच डोडो पक्षी पृथ्वीवरून नाहींसा झाला होता. १७१५ त फ्रेंच आले. मादागास्कर व पूर्व आफ्रिकेंतून गुलाम आणून त्यांनीं मळे उभे केले. १८१० त इंग्रजांनीं बेट जिंकलें, परंतु फ्रेंच मळेवाल्यांचा धर्म, कायदा व भाषा त्यांनीं राखून ठेविली. म्हणून आजही विधिमंडळाची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्राची फ्रेंच व बाजाराची क्रिओल असा तेथें तिपेडी प्रकार आहे. पुढें इंग्लंडानें आपल्या सर्व राज्यांत गुलामगिरी बंद केली. मॉरिशसमध्यें हा कायदा १८३५ च्या फेब्रुवारींत अमलांत आला. नुकसानभरपाई म्हणून सबंध साम्राज्यांत दोन कोट पौंड वांटले गेले, त्यांपैकीं सुमारें वीस लाख मॉरिशसच्या वांट्याला आले. ही भरपाई गुलामांना मिळाली असें कोणास वाटेल, तर तसें नाहीं. ती मालकांना मिळाली. ज्याचें नुकसान झालें तो कोण, या प्रश्नाचें कायद्यानें दिलेलें उत्तर तें असें.

आतां ऊस कोणी तोडावा? १८३४ च्या नोव्हेंबरांत 'ॲटलस' जहाजानें कलकत्त्याहून छत्तीस मजूर करारानें मॉरिशसला नेले. प्रयोग फळला. मग १८३८ त गियानाला, १८४५ त त्रिनिदाद व जमेकाला, १८६० त नाताळला, १८७९ त फिजीला अशीं जहाजें जाऊं लागलीं. एकट्या मॉरिशसमध्यें साडेचार लाखांवर माणसें उतरलीं. त्यांत कलकत्ता आणि मद्रास या बंदरांचा वांटा फार मोठा, मुंबईचा शेंकडा दहाहूनही कमी. पण त्या थोड्यांतले पुष्कळ आमच्या रत्नागिरीकडचे. वेस्ट इंडीजकडे मुंबईहून हा व्यापार चाललाच नाहीं म्हणून तेथें मराठी नांवें कानीं पडत नाहींत. एरवीं त्रिनिदाद काय आणि मॉरिशस काय, एकाच साच्यांतून काढलेलीं दोन भांडीं आहेत: तोच ऊस, तेच गुलाम, तेच पांच वर्षांचे करार, तीच वेस्टमिन्स्टरच्या धर्तीची लोकसभा आणि तोच जातीजमातींचा ताळमेळ. त्रिनिदादमध्यें ३० मे हा 'आगमनदिन' म्हणून पाळतात, कारण १८४५ सालीं त्या दिवशीं 'फतेल रझाक' जहाज तेथें लागलें. मॉरिशसमध्यें २ नोव्हेंबरला तसाच दिवस असतो. माणसें जेथें उतरलीं तेथें दिवस पाळला जातो. जेथून उठलीं तेथें कांहींच नाहीं. आमच्या गांवीं कोणत्याही पंचांगांत तशी तिथि आढळत नाहीं.

पाहुणे रत्नागिरीस मुक्कामाला गेल्यावर आम्हीं एक गोष्ट केली, जी करूं नये असें मनांत येत असतांनाच केली. आमचें घराणें खोतांचें. खोती १९४९ च्या कायद्यानें गेली, पण माळ्यावरचा पेटारा गेला नाहीं. त्यांत मोडी लिपींतल्या वह्या आहेत. आजोबांनीं हौसेनें शिकविल्यामुळें आम्हांला मोडी अडखळत वाचतां येतें. खापरपणजोबांच्या वेळची शके १७८० ची वही काढली. मार्गशीर्षाच्या पानावर, म्हणजे इंग्रजी १८५८ च्या अखेरीस, तेंच नांव आणि तेंच बापाचें नांव सांपडलें. नांवें त्या काळीं घरोघर असणारीं होतीं; तेव्हां तो तोच माणूस हें येथेंही सिद्ध होत नाहीं. नोंद तीन वाक्यांची आहे. बाकी रुपये अकरा. परागंदा. घर मोडून लांकूड आणिलें.

दोन कागद आमच्यापुढें होते. एका कागदाप्रमाणें तो मनुष्य आपखुषीनें गेला. कारण बंदरावरील सरकारी अंमलदारानें प्रत्येकास समक्ष विचारावें कीं, तूं समजून-उमजून जातोस ना, असा कायद्याचा दंडक होता, आणि त्यानें होय म्हटल्याखेरीज त्याला जहाजावर चढतां आलें नसतें. दुसऱ्या कागदाप्रमाणें तो पळून गेला. एकाच पावलाला सरकार संमति म्हणतें आणि खोत पळ म्हणतो. यांत खरें काय? हा प्रश्न एका मृत माणसापुरता असता तर तो आम्हीं इतिहाससंशोधकांवर सोंपविला असता. भुकेल्या माणसाचा होकार हा होकार असतो का, असें त्याचें खरें रूप आहे.

ॲरिस्टॉटलनें नीतिशास्त्रांत एक दृष्टान्त घेतला आहे. तुफानांत सांपडलेला तांडेल गलबत वांचविण्यासाठीं माल समुद्रांत टाकतो. तो आपण होऊन टाकतो कीं नाइलाजानें? ॲरिस्टॉटल म्हणतो, हें कृत्य मिश्र आहे. पण त्या क्षणीं हात त्याचाच हलतो, म्हणून तें स्वेच्छेच्या अधिक जवळचें. कोंकणच्या माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाहीं. मात्र त्यांत एक गोष्ट गृहीत आहे, ती ही कीं तुफान हें दैवी आहे, कोणी माणसानें तें उठविलेलें नाहीं. ज्यानें वारा सोडला तोच जर पाण्यांत टाकलेला माल वेंचून नेत असेल, तर तांडेलाच्या 'स्वेच्छे'ची चर्चा त्यानें करावी हें शोभत नाहीं. आमच्या कुळाला बंदराकडे लोटणारा वारा म्हणजे अकरा रुपयांची बाकी, अर्धेलीचा भात आणि वेठ. तो पालींतच सुटला होता आणि आमच्याच ओटीवरून सुटला होता.

आपल्याकडे हरिश्चंद्रानें काशीच्या बाजारांत स्वतःला विकलें. तेथें विकणारा राजा आहे, विक्रीमागें दिलेल्या शब्दाचें तेज आहे, आणि शेवटीं देव प्रकट होतात. म्हणून त्या विक्रीची आपल्याला लाज न वाटतां अभिमान वाटतो. कथेचें सामर्थ्य असें कीं स्वतःला विकण्यालाही तिनें मोठेपणा आणला. पण ज्याच्यामागें शब्द नाहीं, नुसतें पोट आहे, त्याची कथा आपल्या पुराणिकांनीं लाविली नाहीं.

मिल्लच्या 'लिबर्टी' या ग्रंथांत, स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार कायद्यानें मानूं नये, असें प्रतिपादन आहे. स्वातंत्र्याच्या तत्त्वांतून स्वातंत्र्य कायमचें टाकून देण्याचा अधिकार निघत नाहीं, असा त्याचा आशय. हा ग्रंथ प्रसिद्ध झाला १८५९ सालीं, म्हणजे आमच्या पाहुण्यांच्या पूर्वजाचें जहाज ज्या वर्षीं मुंबईहून सुटलें त्याच वर्षीं. मिल्लनें आयुष्याचीं पस्तीस वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत काढलीं होतीं हें वाचक जाणतातच. मळेवाल्यांच्या वकिलाला मिल्लचें उत्तर देणें अवघड नव्हतें: गुलामगिरी जन्माची असते, हा करार पांच वर्षांचा, तेव्हां ही गुलामगिरी नव्हे. आणि तें उत्तर पुष्कळांना पटलेंही. करारांत पांच रुपये महिना आणि शिधा कबूल केलेला असे. परंतु एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापीत. आजारी मनुष्याचाही तो खाडाच. काम सोडलें तर दिवाणी दावा नव्हे, तुरुंग. मुदत संपल्यावरही परवाना आणि, पुढें १८६७ च्या कायद्यानंतर, छायाचित्र जवळ बाळगल्याशिवाय रस्त्यानें जाण्याची सोय नव्हती. नाहीं तर भटक्या म्हणून पकडीत. १८७१ मध्यें ॲडोल्फ द प्लेव्हित्झ नांवाच्या एका युरोपियनानें मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला, आणि त्यामुळें पुढच्या वर्षीं चौकशीला शाही कमिशन आलें. त्याच १८७२ सालीं हिंदुस्थानांत करारांचा कायदा झाला. त्यांत मोकळी संमति कोणती याची व्याख्या आहे: जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, दिशाभूल आणि चूक यांपैकीं कशानेंही न आलेली ती मोकळी. ही यादी आम्हीं अनेकदां वाचली आहे. तिच्यांत भूक नाहीं.

भुकेचा उल्लेख यावयाला शंभरांवर वर्षें लागलीं. १९८२ मध्यें, दिल्लींत आशियाई क्रीडासामन्यांसाठीं बांधकामें चाललीं असतां मजुरांना किमान वेतनही मिळत नसे, त्या दाव्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, घटनेच्या तेविसाव्या कलमांत ज्या सक्तीच्या मजुरीला बंदी आहे, तिच्यांत दारिद्र्यामुळें व भुकेमुळें पत्करलेली कमी मोलाची मजुरीही येते. आमच्या मतें न्यायमूर्ति भगवती यांचा हा निर्णय नीतिशास्त्राच्या वर्गांत ॲरिस्टॉटलच्या शेजारीं ठेवून शिकवावा. अर्थात् निर्णय झाला म्हणजे बांधकामें तशीं चाललीं, असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहुणे पुन्हां आले तेव्हां हा विषय आम्हीं त्यांच्यापुढें काढला. वहीचा मात्र नाहीं. ते शांतपणें म्हणाले, "त्यांना फसविलें असेल. पण ते गेले म्हणून मी मास्तर झालों. इथें राहते तर?" या प्रश्नाचा रोख आम्हांला कळला. १८८० च्या पुढें मळेवाले अडचणींत येऊन जमिनीचे तुकडे विकूं लागले, ते मजुरांच्या मुलांनीं पै-पै जमवून घेतले. नातवांनीं शाळा पाहिल्या. १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला तेव्हां गिरमिट्याचा मुलगा सर शिवसागर रामगुलाम त्याचे पहिले पंतप्रधान झाले. आणि येथें मागें राहिलेल्या कुळांच्या नातवांच्या वांट्याला खोती व मुंबईच्या गिरण्या आल्या. हिशोब मांडला तर जाणाराच नफ्यांत राहिला असें दिसतें, आणि असें दिसलें म्हणजे नेणाऱ्याचें पाप धुऊन निघालें असें म्हणणारे विद्वान आहेत.

तसें म्हणतां येणार नाहीं, एवढें सांगण्यास आम्हांला रघुवंशांतला प्रसंग पुरेसा वाटतो. श्रावणाच्या आंधळ्या पित्यानें दशरथाला पुत्रशोकानें मरशील असा शाप दिला, आणि निपुत्रिक दशरथाला तो वरासारखा वाटला, कारण त्यांत पुत्र होण्याचें आश्वासन होतें. पण म्हणून श्रावणाच्या छातींत शिरलेला बाण पुण्याचा ठरला नाहीं. नातवाचें सुख हें आजोबाच्या संमतीचा पुरावा म्हणून मांडतां येत नाहीं. तो त्या वेळीं तेथें नव्हता आणि त्याला कोणी विचारलें नव्हतें. आमचे पाहुणे नेणाऱ्यांना क्षमा करूं शकतील, तो त्यांचा अधिकार. आम्ही ती मागून घेऊन खिशांत घालूं, हा अधिकार आमचा नव्हे.

गिरमिटाची पद्धत मोडण्याचें श्रेय ज्यांना आहे त्यांत गोपाळ कृष्ण गोखले पुढें आहेत. गोखल्यांचा जन्म १८६६ त गुहागर तालुक्यांतल्या कोतळूकचा, म्हणजे ते आमच्याच जिल्ह्याचे. १९१० मध्यें त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळची मजूरभरती बंद करवून घेतली, आणि १९१२ च्या मार्चांत ही सबंध पद्धतच बंद करावी असा ठराव मांडला. अडाणी माणसाला दूर देशाची, तेथल्या फौजदारी शिक्षांची कल्पना न देतां घेतलेला अंगठा म्हणजे करार नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ठराव सरकारी मतांनीं पडला. १९१५ त गोखले वारले. भरती बंद झाली ती १९१७ मध्यें. त्यांचें तें भाषण आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्यांना वाचावयास सांगतों. पण आतां तें वाचतांना आम्हांला एक शंका छळते. समुद्रापलीकडच्या मळेवाल्याविषयीं आमच्या सुशिक्षित पिढ्यांना जो संताप आला, तो घाटाखालच्या खोताविषयीं कां आला नाहीं? तो प्रश्न कायदेमंडळांत आणला तो दुसऱ्याच एका घराण्यानें. मंडणगड तालुक्यांतल्या आंबडव्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ मध्यें मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. आमच्या घरीं त्या काळीं गोखल्यांची तसबीर होती. त्या विधेयकाविषयीं काय बोलणें होत असे, तें आम्ही ऐकलें आहे, पण लिहिण्यासारखें नाहीं.

थिबा राजाची आठवण येथें येते. १८८६ मध्यें ब्रह्मदेशच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनीं रत्नागिरीस आणून ठेविलें व तो १९१६ त तेथेंच वारला. त्याला कोणी संमति विचारली नाहीं. विचारण्याचें ढोंगही केलें नाहीं. कुळाला मात्र ती विचारली गेली आणि लिहून घेतली गेली. राजा गमावला तो उघड उघड कैदी होता. कुळाच्या माथीं स्वतःच्या कैदेची जबाबदारीही आली.

आणि ही गोष्ट माणसांपुरतीच राहिली असेंही नाहीं. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्यापूर्वीं, १९६५ मध्यें, इंग्रज सरकारनें चागोस हा बेटांचा समूह त्यापासून तोडून घेतला; तीस लाख पौंड दिले आणि लंडनला बोलाविलेल्या पुढाऱ्यांची कबुली घेतली. स्वातंत्र्याची वाट पाहत दारांत उभा असलेला मनुष्य काय कबूल करणार नाहीं? तेथले दीड-दोन हजार रहिवासी, ज्यांचे पूर्वज असेच आणून टाकलेले गुलाम व मजूर होते, १९७३ पर्यंत बोटींत घालून हलविण्यांत आले आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. २०१९ मध्यें आंतरराष्ट्रीय न्यायालयानें असा अभिप्राय दिला कीं, ही तोड लोकांच्या मोकळ्या व खऱ्या इच्छेनें झालेली नव्हती. २०२५ च्या मे महिन्यांत तीं बेटें मॉरिशसला परत देण्याच्या तहावर सह्या झाल्या. तळ मात्र नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानें तसाच. मंत्र्यांची कबुली जर कबुली नव्हती, तर बावीस वर्षांच्या निरक्षर कुळाची कोणत्या मापानें होती?

आतां जें लिहावयाचें तें टाळण्याची इच्छा फार आहे. आमच्या कलमांच्या बागेंत दरवर्षीं दिवाळीनंतर एक नेपाळी जोडपें राखणीला येतें व आंबा उतरेपर्यंत राहतें. आमच्याकडे सगळीकडे तशीच रीत आहे. येण्यापूर्वीं त्यांना उचल द्यावी लागते. ओळखपत्राची प्रत आम्ही ठेवून घेतों. मागें एका वर्षीं फाल्गुनांत त्याची आई वारल्याचा फोन आला. झाडांवर कैरी धरली होती, वानरांचा उपद्रव ऐन भरांत. त्यानें जाण्याची गोष्ट काढली तेव्हां आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. आम्हीं फक्त उचल किती झाली आहे तें सांगितलें, आणि मध्येंच गेलास तर बदली माणसाचा पगारही त्यांतूनच जाईल, हें सांगितलें. "जा बाबा, अडवीत नाहीं, तुझी तूं पाहा," असेंही म्हटलें. तो थोडा वेळ उभा राहिला, आणि मग थांबतों म्हणाला. त्या रात्रीं आम्हांला चांगली झोंप लागली, हें येथें नमूद केलें पाहिजे. आपखुषीनेंच थांबला ना तो.

त्या दिवशीं दुपारीं पाहुणे निघण्याच्या सुमारास आम्हीं शेवटीं वही काढली. मोडी त्यांना येत नव्हती. नांवावर बोट ठेवून आम्हीं वाचून दाखविलें: नांव, बापाचें नांव, बाकी रुपये अकरा, परागंदा. त्यांनीं त्या अक्षरावरून हळूच हात फिरविला व म्हणाले, "पुढें आणखी एक ओळ आहे." ती दुसऱ्या कोणाच्या खात्याची आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं वाडीच्या वाटेवरचा एक जांभा दगड रुमालांत बांधून घेतला आणि ते गेले.

कार्तिकांत आम्हीं त्यांना पत्र लिहिलें. तिन्ही वाक्यें देवनागरींत उतरवून पाठविलीं, आणि तिसरें वाक्य आपण कां वाचलें नाहीं तेंही लिहिलें. उत्तर यावयाला दोन महिने लागले. पत्र लहान आहे, शाळेंतल्या वळणदार अक्षरांत. रागाचा शब्द त्यांत नाहीं, क्षमेचाही नाहीं. अकरा रुपयांविषयीं कांहीं नाहीं. त्या घराचें लांकूड कशाचें होतें, फणसाचें कीं ऐनाचें, आणि तें पुढें कोठें घातलें, एवढेंच त्यांनीं विचारलें आहे. आमच्या गोठ्याला दोन जुन्या फणशी तुळ्या आहेत. त्या कोठून आल्या हें वहींत मिळत नाहीं. पत्राचें उत्तर अजून लिहावयाचें आहे.